डोक्यावर घेतलेलं पाणी

ते साल बुद्धसंवत २५५१. तुमच्या हिशेबाने २००८.

मित्रांनो, मी एक जुनी एनॅमलची परात आहे. खोलगट, पांढरी, निळ्या काठाची. माझ्या तळाशी एक लाल जास्वंद रंगवलेली होती. तिच्या आता दोनच पाकळ्या उरल्या आहेत. बाकीच्या जागी काळं लोखंड दिसतं. त्या कुठे गेल्या ते पुढे येईलच. वय झालं की कालचं आठवत नाही आणि जुनं मात्र लख्ख दिसतं, तसं माझं झालं आहे. पण आधीच सांगून ठेवते, माझी गोष्ट गोड नाही. तिच्यातल्या एका दिवसाची मला अजून शिसारी येते.

बँकॉकजवळच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. पत्रा दाबून मला आकार दिला, पांढऱ्या द्रावात बुडवलं आणि लालबुंद भट्टीत भाजलं. आम्ही बारा जणी एकीवर एक बसून उत्तरेला आलो. वाटेत आमची एकच चर्चा असायची, की कुणाच्या नशिबी काय येणार. एकीला लग्नातला चिकट भात मिरवायचा होता. एकीला आंब्याच्या फोडी हव्या होत्या. मी म्हणायचे, मला काहीही चालेल, फक्त ते वाफाळतं असावं.

बाजारात एक सुरकुतलेल्या हातांची बाई आली. तिने मला उलटं केलं, बोटाने टिचकी मारली, आवाज ऐकला आणि दुकानदाराला म्हणाली, "ही दे. पाय धुवायला बरी आहे."

पाय! आमच्या मुलखात माणसाचं डोकं सर्वांत वर आणि पाय सर्वांत खाली. पाय कुणाकडे रोखून बसणंसुद्धा पाप. एकदा पाय लागलेल्या भांड्यात पुन्हा कुणी अन्न ठेवत नाही. त्या एका वाक्याने स्वयंपाकघराचं दार मला जन्मभरासाठी बंद झालं. मला इतकी घाण वाटली की मी त्या बाईच्या पिशवीत वाटभर खणखणत आले.

ती बाई म्हणजे सेंगदाबाई. जिल्ह्याच्या इस्पितळात चाळीस वर्षं त्यांनी लोकांचे आखडलेले पाय चोळून सरळ केले होते. निवृत्त झाल्यावर त्या आठवड्यातून तीन दिवस बायकांच्या तुरुंगात मालीश शिकवायला जात. सोबत मी. फाटकावर रोज माझी झडती व्हायची. पहारेकरीण मला उलटी करून झटकायची, जणू माझ्या जास्वंदीखाली मी काही लपवलं आहे.

आतल्या बायका दीडशे. त्यांची आंघोळ शिट्टीवर. एक शिट्टी, पाच वाट्या पाणी. दुसरी शिट्टी, साबण. तिसरी शिट्टी, आणखी पाच वाट्या, की संपलं. केसांत फेस राहिला तर राहिला. अशा बायकांचे पाय माझ्यात येऊ लागले. भेगाळलेले, नखं काळी पडलेले, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेले. मी डोळे मिटून घेत असे. परातीला डोळे नसतात, पण किळस यायला डोळे लागत नाहीत.

सेंगदाबाई बायकांना म्हणायच्या, "पाय धुतल्याशिवाय मालीश करायची नाही. कोमट पाणी, मीठ, ईडलिंबाच्या चार चकत्या. ज्या बाईला पायाची घाण वाटते तिने उद्यापासून भाजी चिरायला जावं. पायाची घाण पाण्याने जाते गं. न जाणारी घाण वेगळी असते, ती तुम्हाला दिसेलच."

मला ती पुढे दिसली.

त्या वर्गात खामला नावाची एक बाई होती. वय छत्तीस, आवाज बारीक, अंगठे मात्र लोखंडी. नवऱ्याने दिलेलं पुडकं न उघडता मोटारीतून पोचवायला निघाली, पोलिसांनी ते उघडलं, आत नशेच्या गोळ्या होत्या. नवरा जो पळाला तो पळालाच. खामलाला सहा वर्षांची शिक्षा झाली. चौथीत शाळा सुटलेली, अक्षरं विसरून गेलेली. सेंगदाबाईंनी तिला मालीश शिकवताना अक्षरंही शिकवली. म्हणायच्या, "पायातल्या शिरांची नावं वाचता येत नाहीत, मग अंगठा कुठे ठेवशील? माझ्या डोक्यावर?" मग खामला वहीवर पाय काढायची आणि प्रत्येक शिरेवर नाव लिहायची. लिहिताना जीभ दातांत धरायची.

तिच्या शेजारी पेंग बसायची. पेंग तिसऱ्यांदा आत आलेली, तोंडाने फटकळ. "खामलाताई, तू माझा पाय दाबलास की मला माझे सगळे गुन्हे आठवतात. जरा हळू, अजून दोन पोलिसांना सांगितलेले नाहीत."

खामलाची आई इन्खाम यॉम नदीकाठच्या एका खेड्यात तांदळाच्या ओल्या शेवयांचं दुकान चालवत होती. लेक आत गेली तेव्हा ती एकदा भेटायला आली होती. त्या दिवशी झडतीच्या खोलीत तिला लुगड्याची गाठ सोडायला लावली, वाकायला लावलं. साठीची बाई ती. बाहेर येऊन गजाआडच्या लेकीला एवढंच म्हणाली, "परत मला बोलावू नको." त्याला चार वर्षं झाली होती. खामलाने बोलावलं नाही.

पण २५५१ साली तिला लिहिता येऊ लागलं होतं.

ऑगस्टच्या बारा तारखेला आमच्याकडे आईचा दिवस असतो. लेकरं आईपुढे गुडघ्यांवर बसतात, तिचे पाय धुतात, मोगऱ्याची माळ देतात. पाय धुऊन झाले की त्यातलं ओंजळभर पाणी आपल्या डोक्यावर घेतात. म्हणजे आईच्या शरीरातलं सर्वांत खालचं ते आपल्या सर्वांत वरच्या जागी. जिच्या पायांचं पाणी डोक्यावर घेतलं, तिची ती लेक. तुरुंगातही तो दिवस साजरा व्हायचा. खामलाने पत्र लिहिलं. माझ्या काठावर वही टेकवून लिहिलं, म्हणून मला ते पाठ आहे.

"आई, बारा तारखेला ये. मला तुझे पाय धुवायचे आहेत. खायला काही आणू नको, आत येऊ देत नाहीत, उगाच वेळ जातो. हे पत्र मी स्वतः लिहिलं आहे. तू ये."

इन्खामला वाचता येत नव्हतं. पत्र तिने दुकानात शेवया खायला आलेल्या मास्तरांकडून वाचून घेतलं आणि चार गिऱ्हाइकांनी ते ऐकलं, हे आम्हाला नंतर कळलं.

तो दिवस उजाडला. आणि आता ती घाण सांगते.

जिल्ह्याच्या महिला सेवा मंडळाच्या अध्यक्ष रम्फाबाईसाहेब त्या दिवशी पाहुण्या म्हणून येणार होत्या. सकाळपासून पाण्याचे पिंप भरले जात होते. जिथे बायकांना दहा वाट्यांत न्हावं लागे, तिथे अंगणात सडा घातला, कुंड्या धुतल्या, फाटकसुद्धा धुतलं. मला घासून माझ्यात ऊन पाणी ओतलं, वर गुलाबाच्या पाकळ्या सोडल्या. ईडलिंबाच्या चकत्या सेंगदाबाईंनी टाकल्या होत्या, त्या एका पहारेकरणीने चिमटीत धरून काढून टाकल्या. "फोटोत कचरा दिसतो," म्हणाली.

एकवीस आया आल्या होत्या. एकवीस जणी त्यांच्यापुढे बसल्या. खामला दाराकडे मान करून उभी होती.

मुख्य पहारेकरणीला आतल्या सगळ्या बायका 'मोठी आई' म्हणत. तशी रीतच आहे तिथली. जी किल्ली फिरवते तिलाच आई म्हणायचं. ती मोठी आई खामलाजवळ आली. "तुझी आई काही येत नाही. तू बाईसाहेबांचे पाय धू. तुझा हात चांगला आहे."

"येईल ती, मोठी आई. तिची गाडी उशिरा असते."

"चार वर्षं उशिराच आहे की तिची गाडी."

आजूबाजूच्या दोघी पहारेकरणी हसल्या. मग मोठ्या आईने आवाज खाली आणला. "डिसेंबरात तुझी सुटका आहे ना? चांगल्या वागणुकीच्या 'उत्तम' वर्गात आहेस म्हणून दोन वर्षं आधी आहे. हा वर्ग कागदावर असतो बाई, आणि कागद माझ्या टेबलावर असतो."

खामला माझ्यापुढे गुडघ्यांवर बसली.

रम्फाबाईसाहेबांनी रेशमी चपलेतून पाय काढले. मित्रांनो, मी इतक्या कैदिणींचे पाय पाहिले होते, पण इतके स्वच्छ पाय कधी पाहिले नव्हते. नखं रंगवलेली, टाचा गुळगुळीत. त्यांना धुण्यासारखं काही नव्हतंच. तरी ते माझ्यात उतरले तेव्हा आखडले होते. खामलाच्या हाताचा स्पर्श झाला की बोटं आत मुडपत होती. वर मात्र त्या हसत होत्या. हसू छायाचित्रकाराकडे आणि मुडपणं माझ्याकडे.

छायाचित्रकार म्हणाला, "आता पाणी डोक्यावर घ्या."

खामला थांबली. मी तिचे हात ओळखत होते. ते माझ्या पाण्यात गार पडले.

"घे गं, घे," मोठी आई मागून म्हणाली.

खामलाने ओंजळ भरली आणि डोक्यावर घेतली.

"पुन्हा एकदा. डोळे मिटा. आणि तोंडाने 'आई' म्हणा, ओठ हलायला हवेत."

तिने पुन्हा घेतलं. "आई," म्हणाली.

त्याच वेळी दारात इन्खाम उभी होती.

ती वेळेवरच निघाली होती. पत्रात नको म्हणून लिहिलं असतानाही शेवया घेऊन निघाली होती, केळीच्या पानात, वर लाल रस्सा वेगळ्या पिशवीत. आया असंच करतात. त्या शेवयांत फाटकावर सळया खुपसून पाहिल्या. मग तीच झडतीची खोली, तीच लुगड्याची गाठ. हे सगळं पुन्हा सोसून ती आत आली आणि तिने पाहिलं, तर आपली लेक जरीकाठाच्या बाईपुढे गुडघ्यांवर, तिच्या पायांचं पाणी डोक्यावर घेऊन तिला आई म्हणते आहे.

छायाचित्रकार म्हणाला, "छान! आता शेवटचं एकदा."

खामलाने डोळे उघडले. तिला दारातली आई दिसली. ती उठायला गेली तर मोठ्या आईचा हात तिच्या खांद्यावर पडला. "हलू नकोस. होऊ दे पुरं."

आणि मित्रांनो, खामला हलली नाही. तिसऱ्यांदाही तिने ते पाणी डोक्यावर घेतलं. तिचा तो दोष आहे, आणि तो मी झाकणार नाही. ती उठली असती तर कदाचित डिसेंबर गेला असता. ती बसली आणि आई गेली.

इन्खामने शेवयांचं पुडकं बाकावर ठेवलं, वळली आणि निघून गेली.

टाळ्या झाल्या. भाषण झालं. 'या आपल्या वाट चुकलेल्या लेकी' असं काहीतरी होतं. मग रम्फाबाईसाहेब पडद्यामागे आल्या. मला तिथेच सरकवून ठेवलं होतं. त्यांनी पर्समधून सुवासिक ओले कागद काढले आणि पाय पुसले. बोटांच्या मधून, टाचांखालून, घोट्यापर्यंत. एकामागून एक कागद. सोबतच्या बाईला म्हणाल्या, "शी! सारखं मनात येत होतं, या हातांनी हिने काय काय केलं असेल. त्या चपला गाडीत नको, टाकूनच दे." आणि ते कागद माझ्यात टाकले. ते माझ्या जास्वंदीवर तरंगत राहिले, अत्तराचा वास सोडत.

चिखल्या झालेल्या पायांची मला किळस यायची, असं मी वर म्हटलं ना? ते शब्द मी मागे घेते. किळस काय असते ते मला त्या दुपारी कळलं.

शेवया खामलाने खाल्ल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत त्या आंबल्या. पेंगने ते पुडकं उचललं, वास घेतला आणि पहिल्यांदाच तिला काही विनोद सुचला नाही.

डिसेंबरात खामला सुटली. सुटताना आमच्याकडे एक नियम पाळतात. आतली एकही वस्तू बाहेर न्यायची नाही, अगदी दात घासायचा ब्रशसुद्धा, आणि फाटकातून निघाल्यावर मागे वळून बघायचं नाही. नाहीतर ती जागा माणसाला परत ओढते. सेंगदाबाई फाटकाबाहेर मला घेऊन उभ्या होत्या. त्यांनी मला खामलाच्या हातात दिलं. आतून पेंग ओरडली, "ठेव ती परात! मी गेल्या वेळी एक कंगवा नेला होता, बघ कुठे उभी आहे!"

सेंगदाबाई म्हणाल्या, "परात तुरुंगाची नाही, माझी आहे. ती फक्त कामाला आत जायची. मीही जाते, मी काय कैदी झाले?"

सेंगदाबाईंनी सुटलेल्या चार बायकांसाठी मालीशचं दुकान काढायचं ठरवलं होतं. गावात जागा कुणी देईना. हसून चहा द्यायचे, पण जागा द्यायचे नाहीत. शेवटी विहाराच्या म्हाताऱ्या भिक्खूंनी आवारातली एक पडवी दिली. गंमत बघा, भिक्खूंना बाईचा स्पर्श चालत नाही. म्हणजे ज्या एका माणसाने या हातांवर विश्वास ठेवला, त्याचेच गुडघे या हातांना कधी चोळता आले नाहीत.

आणि जानेवारीत सेवा मंडळाचं कॅलेंडर निघालं. गुळगुळीत कागदाचं, फुकट वाटलेलं. ऑगस्टच्या पानावर रम्फाबाईसाहेब, मी आणि डोक्यावर पाणी घेणारी खामला. खाली तिचं पूर्ण नाव आणि पुढे 'सुधारलेली कैदी'. ते कॅलेंडर भातगिरणीत लागलं, दवाखान्यात लागलं, मोटारतळावर लागलं. पडवीत येणारी गिऱ्हाइकं खामलाकडे निरखून बघायची, मग म्हणायची, "तूच का ती?" आणि पाय आत घ्यायची. एक बाई तर अर्धा पाय धुऊन झाल्यावर उठली. ओल्या पायानेच चपला घालून गेली. चार वर्षं जिने शिक्षा भोगली तिला या लोकांनी वर्षभर भिंतीला टांगून ठेवलं, आणि त्याला मदत म्हटलं!

एप्रिलात आमचं जुनं वर्ष सरतं. तेव्हा वडीलधाऱ्यांच्या हातांवर, पायांवर सुगंधी पाणी घालून वर्षभराच्या चुकांची क्षमा मागतात. खामला मला घेऊन खेड्यात गेली. शिकेकाईच्या भाजलेल्या शेंगांचं सुवासिक पाणी बाटलीत भरून घेतलं होतं. घर खांबांवर उभं, सात पायऱ्या. वरच्या पायरीवर इन्खाम बसली होती, शेवयांचं पीठ गाळायचं फडकं पिळत.

"आई," खामला म्हणाली.

"आई मिळाली ना तुला? जरीकाठाची?"

"आई, मला तसं करायला सांगितलं होतं."

"मलाही सांगितलं होतं. लेकीचं नाव टाक म्हणून. सगळ्या गावाने सांगितलं. मी ऐकलं का?" इन्खामचा आवाज चढला नाही, त्यामुळे तो जास्त लागत होता. "पहिल्यांदा घेतलंस ते मी समजू शकते. दुसऱ्यांदाही. पण मला बघून तिसऱ्यांदा घेतलंस."

खामलाने मला वरच्या पायरीवर ठेवलं आणि बाटलीचं झाकण उघडलं. इन्खामने माझ्याकडे पाहिलं. निळा काठ, लाल जास्वंद. कॅलेंडरवर मी स्पष्ट दिसत होते.

"तिचे पाय बुडवलेली परात माझ्या दारात आणलीस?"

तिने पायाने मला ढकललं. सातही पायऱ्यांवर आपटत मी खाली आले. माझ्या पाकळ्या तिथे गेल्या. मित्रांनो, मला राग आला नाही. मला वाटलं, बरं झालं. त्या जास्वंदीवर ते ओले कागद तरंगले होते.

खामलाने मला उचललं. टाकून दिलं नाही. पडवीत परत आल्यावर पोचा आलेल्या जागी हातोडीने ठोकून मला सरळ केलं आणि पुन्हा कामाला लावलं. हळूहळू गिऱ्हाइकं येऊ लागली. आधी भातशेतीतली म्हातारी माणसं, ज्यांना गुडघ्यापुढे कुणाची अब्रू आठवत नाही. एक आजोबा मोठ्याने म्हणाले, "गोळ्या वाहिल्या असतील हिने. माझा मुलगा शहरात बसून माझी चौकशीसुद्धा वाहून नेत नाही. दाब पोरी, जोरात दाब."

मग २५५३चा पावसाळा आला. पेंगही तोवर सुटून आली होती. बाजारातून आली ती भाजीची पिशवी खाली न ठेवताच म्हणाली, "ताई, तुझ्या आईच्या दुकानात काळं कुत्रं नाही. पाय सडलाय म्हणतात तिचा. वास येतो म्हणून गिऱ्हाइकं फिरकत नाहीत. आरोग्य केंद्राची नर्स सांगून गेली, रोज धुऊन पट्टी करा. पण करणार कोण?"

शेवया करणाऱ्या बाईचे पाय जन्मभर पाण्यात असतात. वर उकळता हंडा, खाली ओली जमीन. त्यात इन्खामच्या रक्तात साखर निघाली होती आणि टाचेची भेग चिघळत गेली होती.

खामलाने मीठ घेतलं, स्वच्छ फडकी घेतली आणि मला घेतलं. पेंग म्हणाली, "ती परात नको नेऊस गं बाई. दुसरी ने. या परातीला तिच्या घरच्या पायऱ्या पाठ झाल्यात."

खामलाने मलाच नेलं.

घराच्या पायऱ्यांखालीच वास आला. शेजारीण नाकाला पदर लावून दुरून बोट दाखवत होती. इन्खाम आत चटईवर पडली होती, तोंड भिंतीकडे. खामलाने क्षमा मागितली नाही, हात जोडले नाहीत. चुलीवर पाणी उकळलं, कोमट केलं, मीठ घातलं, मला पुढे सरकवलं आणि आईचा पाय उचलून माझ्यात ठेवला.

मी जे पाहिलं ते सगळं सांगत नाही. पू होता, मेलेली कातडी होती, एक बोट काळं पडलं होतं. पाणी लगेच गढूळ झालं. खामलाचा अंगठा जखमेच्या कडेकडेने फिरत राहिला, अलगद. वहीतल्या शिरा तिला पाठ होत्या. तिने नाक वळवलं नाही. आणि तो पाय माझ्यात आखडला नाही. सैल होत होत तो माझ्या तळाला टेकला, पाकळ्या उडालेल्या जागी.

बऱ्याच वेळाने भिंतीकडूनच आवाज आला. "तीच परात?"

"तीच."

"दुसरी नव्हती?"

"होती. पण हिने तुझी लाथ खाल्ली आहे. आता तुझी हिच्याशी ओळख आहे."

इन्खाम हसल्यासारखं काहीतरी करून खोकली. पाय पुसून झाला, पट्टी बांधून झाली. "हे बोट मी वाचवू शकणार नाही, उद्या इस्पितळात जायचं," खामला म्हणाली. मग ती माझ्याकडे वळली. गढूळ, दुर्गंधीचं ते पाणी तिने पाहिलं आणि ओंजळ पुढे केली.

इन्खाम चटकन कोपरावर उठली. "ए! काय करतेस?"

"डोक्यावर घेते. तुझं राहिलं होतं."

"वेडी का काय तू? घाण आहे ती. पू आहे त्यात." तिने लेकीचं मनगट घट्ट धरलं. "हे पाणी डोक्यावर घ्यायचं नसतं. फेकायचं असतं. तेव्हाही फेकायचं होतंस गं. तिच्या तोंडावर फेकायचं होतंस."

"मग डिसेंबरात सुटले नसते."

"नसतीस सुटली. मी शेवया घेऊन पुन्हा आले असते."

मनगट तिने बराच वेळ सोडलं नाही. मग खामला उठली, मला उचललं आणि पायऱ्या उतरून मागच्या उकिरड्यात ते पाणी भिरकावून दिलं. शेजारीण किंचाळून बाजूला झाली. वरून इन्खाम ओरडली, "आणि खळबळून आण ती परात! तशीच आणशील!"

मित्रांनो, आता जो तो कुठे गेला ते सांगते. इन्खामचं एक बोट गेलं, पाय वाचला. तिने दुकान बंद केलं, विहाराच्या पडवीत येऊन राहिली आणि आणखी सात वर्षं सगळ्यांच्या कामात चुका काढत जगली. सेंगदाबाई झोपेतच गेल्या. त्यांच्या अंत्यसंस्काराला तेवीस सुटलेल्या बायका आल्या आणि कुणीही आपलं नाव लपवलं नाही. पेंग एकदा पुन्हा आत जाऊन आली. शेवटचं, असं म्हणते. कंगवा मात्र तिथेच ठेवून आली. मोठी आई बढती घेऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेली. रम्फाबाईसाहेब तीनदा अध्यक्ष झाल्या. पुढे त्यांच्या टाचा दुखू लागल्या तेव्हा त्यांनी निरोप पाठवला, की दुकान बंद असताना मागच्या दाराने आलं तर चालेल का. खामलाने उलट निरोप दिला, "आमच्या पडवीला मागचं दार नाही." त्या आल्या नाहीत. खामला अजून पडवीतच आहे. केस पांढरे झाले, अंगठे तसेच आहेत. तुरुंगात ती आता आठवड्यातून तीन दिवस शिकवायला जाते, आणि फाटकावर माझी झडती अजून होते.

तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. शिक्षा भोगून कुणी तुमच्या गल्लीत परत आलं, तर त्याचा फोटो काढू नका आणि त्याला भिंतीवर टांगू नका. त्याच्यापुढे पाय करा. दुखत असेल तिथे त्याला हात लावू द्या. आणि तुमच्याकडे माझ्यासारखी एखादी परात असेल, तर काम झाल्यावर तिच्यात पाणी साचू देऊ नका. लगेच फेका, खळबळा आणि उन्हात पालथी घाला. पत्रा गंजतो.